रोझीताईंना दिलेला शब्द

"हॉर्न वाजवू नका," रोझीताई गेटच्या आतून म्हणाल्या. "आत्ताच कुठं डोळा लागलाय सगळ्यांचा."

उन्हं चांगली वर आली होती. म्हातारी माणसं पहाटेच उठून बसतात. भर सकाळी सगळ्यांचा एकदम डोळा लागतो, हे माझ्या काही पचनी पडेना.

इलाहीभाईंनी हॉर्नवरचा हात काढला आणि माझ्याकडे बघितलं. इलाही मुजावर आमच्या वॉर्डातले ब्रदर. ड्रायव्हर आजारी पडल्यापासून रुग्णवाहिकाही तेच चालवत होते. मी खाली उतरले. गेटला आतून साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि कुलपावर रोझीताईंचा हात होता. तोंडावर दुहेरी मास्क, कपाळावर घाम.

"ताई, तीन दिवस झाले, तुमचा फोन नाही."

"रेंज नसते माळावर."

"आधी होती."

"आता नाही. सगळे बरे हाईत, डॉक्टरबाई. तुम्ही जावा. तुमास्नी कामं थोडी हाईत काय?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो मे महिना. मी तेव्हा जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते. खरं तर शिकवणं बंदच होतं, नुसतं धावणं चालू होतं. पहिल्या लाटेत वृद्धाश्रमांकडे कुणाचं धड लक्ष गेलं नव्हतं. ते ना घर, ना दवाखाना. म्हणून मधल्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी मिळून एक जोडणी उभी केली. आमचं महाविद्यालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं, गडहिंग्लजचे दोन खासगी डॉक्टर आणि आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातले वृद्धाश्रम. रोज दुपारी सगळे फोनवर एकत्र यायचे. कुणाला ताप, कुणाकडे ऑक्सिजनचं यंत्र मोकळं, कुठली बाई सुट्टीवर, तिच्या जागी कोण जाणार. आश्रमवाले सुरुवातीला बिचकायचे. तपासणीला आलेत आणि टाळं ठोकून जाणार, असंच त्यांना वाटायचं. हळूहळू बोलायला लागले. रोझीताई मात्र रोज एकच वाक्य म्हणायच्या, "सगळं बरं आहे," आणि फोन ठेवायच्या. मग तेही बंद झालं.

रोजमेरी बारदेस्कर त्यांचं नाव. आजऱ्याकडच्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलं नव्हतं. काजूच्या बागांपलीकडच्या त्या माळावरच्या आश्रमात त्या तरुणपणी स्वयंपाकाला म्हणून आल्या आणि पुढे व्यवस्थापक झाल्या. आतल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळी पोटच्या पोरांची वाट बघून दमलेली.

मी गेटच्या गजांतून आत पाहिलं. अंगणात या झाडापासून त्या झाडापर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर चादरी. दोरीला दोरी लागून, जागा मिळेल तिथे चादरी. काही अजून टपटपत होत्या.

"एवढ्या चादरी एकदम धुतल्यात?"

रोझीताईंनी कुलपावरची मूठ आवळली.

"हगवण लागलीय ना? ताप किती जणांना आहे?"

इलाहीभाई माझ्यामागून हळूच म्हणाले, "मॅडम, पोलीस पाटलांना बोलवू का? कुलूप तोडून घेऊ."

ते रोझीताईंनी ऐकलं. "तोडा. मागल्या वर्षीपण असंच आलता. पांढरे डगले घालून. चार जणांना गाडीत घातलं. मला म्हणाले, दोन दिवसांत फोन येईल." त्यांचा आवाज एकदम चढला आणि तेवढ्याच झटक्यात खाली आला. "फोन नाही आला. मी केला तर म्हणायचे, बेड नंबर सांगा. बेड नंबर मी कुठला सांगू? त्यातली काशीबाई ठार बहिरी होती. कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, हाताला हात लावून बोलावं लागायचं. तिथं काय लिहिलं माहीत आहे? पेशंट प्रतिसाद देत नाही. चौघांतलं एकही परत आलं नाही. कुठं जाळलं, कुठं पुरलं, आजवर कुणी सांगितलं नाही मला. आता परत गाडी घेऊन आलाय."

मला एका जागी उभं राहवेना. गेटसमोर मी इकडून तिकडे चालत होते. वरून आदेश स्पष्ट होता. आश्रमात लागण निघाली की सगळ्यांना उचलून केंद्रावर हलवायचं. केंद्र म्हणजे एका वसतिगृहात टाकलेले पलंग. त्याच आदेशाचा कागद माझ्या पर्समध्ये होता. आणि आत, चादरींच्या पलीकडून, कुणीतरी खोकत होतं. दम संपेपर्यंत, मग थांबून, मग पुन्हा.

"ताई, कुणाला न्यायचं नाही," मी म्हणाले.

इलाहीभाईंनी मान वर केली.

"दवाखाना आत येईल. औषधं, ऑक्सिजन, माणसं, सगळं इथं आणू. तुमच्या मर्जीशिवाय एकालाही गाडीत घालणार नाही."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते."

"तुम्ही म्हणून काय उपयोग? तुमच्यावर कोण असंलच की."

"आहेत. त्यांचं मी बघते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, जागरणामुळे असतील.

"शब्द?"

"शब्द."

साखळी निघाली.

आत गेल्यावर इलाहीभाईंनी कपाळाला हात लावला. पुरुषांच्या दालनात निम्मे ताप अंगावर घेऊन पडलेले. बायकांकडे त्याहून वाईट. आश्रमाच्या दोन्ही कामवाल्या बायका तापाने आपापल्या घरी. रोझीताई एकट्याच सगळ्यांचं करत होत्या. उचलणं, पुसणं, पेज भरवणं, चादरी धुणं. बायकांच्या दालनात दाराजवळच्या खाटेवर एक ठेंगणी, ठसठशीत म्हातारी उठून बसली होती. अक्काताई हुक्केरी. गडहिंग्लजला आयुष्यभर खानावळ चालवलेली बाई. तिला ताप होता, पण बसण्यात काही ताप दिसत नव्हता.

"ह्या डॉक्टरीणबाई काय?" तिने रोझीताईंना विचारलं. "लईच बारीक हाय. जेवत न्हाई वाटतं."

मी अंगणात जाऊन आमच्या विभागप्रमुखांना फोन लावला. सरांनी ऐकून घेतलं आणि भडकले.

"तुला कुणी अधिकार दिला असला शब्द द्यायचा? उद्या आत कुणी गेलं तर कोण जबाबदार?"

"सर, केंद्रावर नेलं तर जातीलच. निम्म्यांना आपण कुठं आहोत हेही कळत नाही. रात्री उठून भिंती चाचपतील."

"आदेश आहे, हेमांगी."

"आदेशात लिहिलंय, योग्य उपचाराच्या ठिकाणी हलवा. योग्य ठिकाण इथंच करते. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

सरांनी आदेशातली ती ओळ मला पुन्हा वाचून दाखवायला लावली. मग म्हणाले, "दुपारच्या फोनवर मांड. बाकीचे तयार असतील तर बघू."

दुपारी मी चादरींच्या खाली उभी राहून फोनवर बोलले. आधी ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर देसाई बोलले. "माझ्याकडं ऑक्सिजनची तीन यंत्रं मोकळी होतील. पण वीज गेली तर?" गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्याचा जनरेटर देऊ केला. राहिला प्रश्न हातांचा. म्हाताऱ्यांना यंत्रापेक्षा हात जास्त लागतात. तेवढ्यात चंदगडच्या आश्रमाच्या बाई म्हणाल्या, "आमच्या दोघी त्या आजारातनं जाऊन आल्यात. सुगंधा पाटोळे आणि तिची जाऊ. बऱ्या झाल्यात. पाठवू काय?"

"कधी?"

"आत्ताच गाडीवर बसतील बी. सुगंधा इथंच उभी राहून ऐकतेय."

संध्याकाळी मोटरसायकलवरून त्या दोघी उतरल्या. सुगंधा रुंद बांध्याची, मोठ्याने बोलणारी. आल्या आल्या तिने पदर खोचला, दालनात शिरली आणि पहिल्या खाटेशी वाकून विचारलं, "आज्जी, तुमाला कसं बरं वाटतंय? उशी उंच की खाली?" प्रत्येक खाटेशी तेच. मी दाराशी घाई करत होते, "सुगंधा, आधी सगळ्यांचा ऑक्सिजन मोजून घे." ती म्हणाली, "मोजतो की बाई. आधी माणूस तर बघू दे."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. जिल्हा ते माळ, माळ ते जिल्हा. एका कानाला फोन, एका हातात भाकरी. गाडीत बसले तरी पाय हलत राहायचा, इलाहीभाई म्हणायचे, "मॅडम, ब्रेक माझ्याकडं आहे." दोघं जण गेले. दोघंही आपापल्या खाटेवर, आणि दोघांच्याही उशाशी रोझीताई होत्या. बाकीचे हळूहळू वर येऊ लागले. अक्काताईचा ताप उतरला तसा तिने सुगंधाच्या आमटीत खोट काढायला सुरुवात केली. त्यावरून आम्ही ओळखलं, की ही वाचली.

रोझीताईंचं बोट मात्र कुणाच्या हाती लागत नव्हतं. ऑक्सिजन मोजायचा चिमटा घेऊन कुणी जवळ गेलं की म्हणायच्या, "माझं नंतर. आधी तिकडचं बघा." एक दिवस त्या कढई उचलून वळल्या आणि भिंतीला टेकल्या. इलाहीभाईंनी कढई घेतली, त्यांचा हात घट्ट धरला आणि चिमटा लावला. आकडा बघून त्यांनी चिमटा पुसून पुन्हा लावला. मग आकडा माझ्याकडे वळवला.

इथल्या यंत्रांना झेपणारी ती गोष्ट नव्हती.

"किती दिवस ताप आहे, ताई?"

"तुम्ही गेटवर आलता, त्याच्या आदल्या दिवशीपासून," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बसून राहिले असते तर ह्यांचं कोण करणार होतं?"

मी गाडी दाराशी लावायला सांगितली. आणि तेव्हा गोंधळ झाला. बायकांच्या दालनातून अक्काताई खुर्ची ओढत बाहेर आली आणि गाडीपुढे खुर्ची टाकून बसली. तिच्यामागून काठ्या टेकत, भिंत धरत, चालता येणारे सगळे. पुरुषांकडचे चौगुले मास्तर, ज्यांना आदल्या आठवड्यात यंत्रावर ठेवलं होतं, तेही नाकाखाली नळीचा वण घेऊन आले.

"तिला न्यायचं न्हाई," अक्काताई म्हणाली. "गाडीत घातलेलं माणूस परत येत न्हाई. आमी बघितलंय."

"अक्काताई, इथं ठेवलं तर दोन दिवससुद्धा—"

"तुमीच शब्द दिल्ता. कुणाला न्यायचं न्हाई म्हणून."

इलाहीभाई गाडीत बसलेले, मी खाली, मागे स्ट्रेचरवर रोझीताई. त्या काहीतरी म्हणत होत्या, ऐकू येत नव्हतं. मी अक्काताईसमोर जमिनीवर बसले. उभ्याने बोललं तर ती ऐकणार नाही, असं वाटलं.

"ती कुठल्या पलंगावर आहे ते मी सांगीन. रोज दुपारी मी स्वतः फोन करीन. बरं असलं तर बरं सांगीन, वाईट असलं तर वाईट सांगीन. खोटं बोलणार नाही."

"आन् फोन न्हाई आला तर?"

"तर मीच त्या पलंगावर आहे, असं समजा."

चौगुले मास्तर हसल्यासारखे खोकले. अक्काताईने कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवली. गाडी जाईल एवढीच.

जिल्ह्याला रोझीताईंना घट्ट मास्कचं यंत्र लावावं लागलं. तो मास्क नाकातोंडावर आवळून बसतो, हवा जोराने आत ढकलतो. जीव गुदमरल्यासारखा होतो. भलीभली माणसं तो ओरबाडून काढतात. रोझीताईही काढायच्या. लावला की काढायच्या. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं.

"ताई," मी म्हणाले, "हा काढलात तर नळी घालावी लागेल. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

त्यांनी मास्क बाजूला धरून, एकेक शब्द तोडत म्हटलं, "मला परत न्या. तुम्ही शब्द दिलाय. माझ्या मर्जीशिवाय... कुणाला नाही. मीपण त्यातलीच."

वॉर्डात तिकडे कुणाचा तरी गजर वाजत होता, फोन खिशात थरथरत होता, बाहेर तीन रुग्ण पलंगासाठी थांबले होते. दुपारची वेळ होती. आश्रमात फोनची वाट बघत असतील. "सगळं बरं आहे," एवढंच म्हणून ठेवून द्यावं, असं मनात येऊन गेलं. मी फोन लावला.

"अक्काताई, वाईट आहे," मी म्हणाले. "मास्क लावून घेत नाही. परत यायचं म्हणते."

पलीकडे कुजबुज झाली. सुगंधाचा आवाज, मास्तरांचा खोकला. मग अक्काताई म्हणाली, "तुमी कुठं उभ्या हाय?"

"तिच्या पलंगाशी."

"बसा आधी. उभ्या माणसाम्होरं कोण ऐकंल? बसा, आन् त्यो फोन मोठा करून तिच्या कानाशी धरा. मी बोलतो."

मी स्टूल ओढलं. त्या महिन्यात वॉर्डात मी पहिल्यांदा बसले असेन.

"रोझे," फोनमधून खानावळीचा आवाज आला. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "ते तोंडावरचं काढायचं न्हाई. काय सांगतो? मला जबरदस्तीनं पेज पाजलीस तवा मी न्हाई म्हटलं तर ऐकलंस? न्हाई. मग आता तुझंबी कोण ऐकणार न्हाई. लाव!"

रोझीताईंनी डोळे मिटले.

"आन् ऐक. ह्या सुगंधीला आमटी येत न्हाई. कोकम किती घालायचं ते सांगायला तुला यायला पायजे. मास्तर रोज अंघोळीला न्हाई म्हणतोय. कोंबड्या कुठं अंडी घालायल्यात ते कुणाला गावत न्हाई. सगळा बट्ट्याबोळ हाय हितं."

मग मास्तर आले. मग बाकीचे. "लवकर बरी हो" असं एकानेही म्हटलं नाही. एकीला तिची लोकरीची टोपी सापडत नव्हती. एकाच्या खाटेजवळचा दिवा गेला होता. एक आजी नुसतीच "रोझे, हाईस न्हवं?" म्हणत राहिली. मी एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हाताने मास्क. रोझीताईंनी हात वर केला; मला वाटलं, पुन्हा ओढतात. त्यांनी माझी बोटं बाजूला केली आणि मास्क स्वतः धरला.

त्यानंतर रोज दुपारी फोन झाला की मी तिथे बसत गेले. बाहेर काही कोसळलं नाही. सिस्टर सांभाळून घ्यायच्या.

त्या वाचल्या. मास्क गेला, साधा ऑक्सिजन आला, मग तोही गेला. जून निम्मा सरला तेव्हा मी आणि इलाहीभाई त्यांना घेऊन निघालो. त्या पुढच्या सीटवर, अंगाला शाल गुंडाळून. निम्म्या झाल्या होत्या. गडहिंग्लज मागे पडलं. मला एक गोष्ट सांगायची होती आणि कुठल्या वळणावर सांगावी ते ठरत नव्हतं.

"आता सांगा," त्या समोर बघतच म्हणाल्या. "अक्काताई कधी गेली?"

इलाहीभाईंनी गाडीचा वेग कमी केला.

"गेल्या आठवड्यात. तुम्हाला कसं—"

"आठ दिवस आमटीची तक्रार नाही. झोपलीय म्हणून सांगता. ती दुपारची झोपत नव्हती कधी."

"कोरोनानं नाही गेल्या. त्यातून पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. हृदय थकलं होतं. डॉक्टर देसाई येऊन बघून गेले. म्हणाले, जिल्ह्याला हलवता येईल. अक्काताईंना विचारलं. त्या नको म्हणाल्या."

"विचारलं?"

"हो. दोनदा."

दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा सुरू झाल्या. रोझीताईंनी शालीचं टोक मुठीत धरलं होतं.

"जवळ कोण होतं?"

"सुगंधा. शेवटपर्यंत तिथंच बसून होती."

"कुठल्या कुशीवर होती?"

मला ते माहीत नव्हतं. मी सुगंधाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिने प्रश्न ऐकला, आणि क्षणभरही न थांबता म्हणाली, "डाव्या, ताई. उजव्या कुशीवर त्यांचा खुबा दुखायचा. भिंतीकडं तोंड नको म्हणायच्या, दाराकडं हवं. म्हणून खाट फिरवून घेतली आम्ही."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यांनाच विचारलं की."

रोझीताईंनी मान हलवली. मग इलाहीभाईंच्या हातावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली, दार उघडलं आणि बांधावर जाऊन बसल्या. आम्ही गाडीतच थांबलो. त्या वर्षभराचं रडत होत्या. काशीबाईचं, त्या चौघांचं, सगळ्यांचं. कुणाला घाई नव्हती. मलाही नाही.